कणगीतली दांडी

पौड,
ता. ९ जानेवारी १९५८

थोरले भाऊ बाबालाल यांस धाकट्या कमरुद्दीनचा सलाम.

आमचं बरं आहे. भात झोडून झालं, थंडी काही हटत नाही. तुमच्या गॅरेजात काम भरपूर असेल. दीड वर्षानं माझं अक्षर बघून पत्र चुलीत घालू नका, आधी कामाचं वाचा.

माझ्या टॅक्सीच्या मागच्या आसाला जागेवर धरणारी आडवी दांडी नवी घालायची आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात कंपनीच्या मापाची मिळते. पण गाडी मागून तीन बोटं खाली बसवलेली. त्या मापानं आस एका अंगाला सरकतो आणि टायर पत्र्याला घासतो. आमचा कोंडिबा लोहार जाड सळईची करून देतो म्हणतो, पण तिला रबर नाही, दोन महिन्यांत हादऱ्यानं बसवल्या जागेवरून उखडेल. तिसरी म्हणजे टोकांना आटे पाडलेली, लांबी कमीजास्त करता येणारी. ती फक्त तुम्ही करता. मला तीच हवी.

गाडी उंच कर आणि मोकळा हो, असं म्हणाल. ते होणार नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून अम्माचा पाय उंच उचलत नाही. दर महिन्याला पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं, आणि एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. म्हणून तर मी स्प्रिंग कापली.

एवढं लिहायला मला दीड वर्ष लागलं. स्प्रिंग मी कापली, भाऊ. जुनी दांडी जोडून देताना तुम्ही बजावलं होतं, "गाडी खाली बसवू नगंस. बसवलीस तर दांडी नवी लागंल." मी मोठा शहाणा! पंधरा दिवसांत करवत लावली आणि तुम्हाला कळू दिलं नाही. भरे गावाजवळच्या वळणावर टायर घासून फुटला, गाडी चरात गेली, मागे बसलेल्या हैबतरावांचा हात मोडला. माणसं जमली. "काय झालं रं?" म्हणताच माझ्या तोंडून निघालं, "भावानं जोडलेली दांडी तुटली." त्यानंतर मुळशीतली एकही गाडी तुमच्याकडे आली नाही. तुम्ही विचारायला आलात तर तुमच्यावरच ओरडलो. चोराच्या उलट्या बोंबा.

दांडी तुटली नव्हती. ती गुपचूप काढून मी भाताच्या कणगीत पुरली होती आणि तिच्या जागी कंपनीच्या मापाची घालून गाडी हळूहळू चालवत होतो.

गेल्या महिन्यात नवं भात भरायचं म्हणून अम्मा काठी टेकत कणगी झाडायला गेली. दांडी मांडीवर घेऊन तिनं जोडावरून अंगठा फिरवला. "जोड तर शाबूत हाय," म्हणाली. "थोरल्याचं नाव बुडवून मी त्या गाडीत बसायची न्हाई." तेव्हाचा दवाखाना चुकला. पाय सुजलाय. उचलून बसवायला गेलो तर काठी उगारते.

म्हणून काल भर बाजारात हैबतरावांपुढे दांडी ठेवली आणि सगळ्यांच्या कानावर जाईल असं खरं ते सांगितलं. त्यांनी दांडी उचलून बघितली. मग म्हणाले, "दीड वरीस मी बाबालालला शिव्या घातल्या. त्या आता माघारी कशा घिऊ?" लाज वाटली, अजून वाटते.

घरी येऊन अम्माला म्हटलं, आता तरी चल. तर म्हणते, "आदी थोरला त्या गाडीत बसून हितं येऊ दे. मग मी बसन."

रविवारी रिकामी गाडी हळूहळू घेऊन येतो. ती दांडीही आणतो. तुम्ही दार उघडलं नाही तर बाहेर बसेन, सोमवारीही बसेन. मला माफ करू नका हवं तर. पण नवी दांडी तुमच्या हातानं बसवा आणि मागच्या सीटवर, अम्माच्या जागेवर बसून पौडला या. रस्ताभर शिव्या द्या, गाडी मी चालवीन.

तुमच्या शाबूत जोडाला तुटला म्हणणारा,
तुमचा धाकटा
कमरुद्दीन