शिडाच्या बोटीवरची आखाजी

मांडवीकाठ, गोवा
२४ मार्च २०२६

तीर्थरूप नानांना हेमांगीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर मी बरं, हो, ठेवते यापलीकडे बोलत नाही अशी तुमची तक्रार, म्हणून हे पत्र. आईला मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या कारखान्यातली यॉट तयार होत आली! यॉट म्हणजे श्रीमंतांची पांढरी मोटारबोटच ना, असं तुम्ही विचारलं होतं. तसल्याही असतात, दोन-दोन डिझेल इंजिनांच्या, पिंपांनी तेल पिणाऱ्या. काही शिडाच्या, एकाच अंगाच्या; त्यांच्या पोटाखाली शिशाचं वजन असतं, म्हणून वाऱ्याने कलल्या तरी पुन्हा उभ्या राहतात. आमची तिसऱ्या जातीची, कॅटॅमरान. दोन अरुंद अंगं शेजारी शेजारी आणि मध्ये त्यांना जोडणारे दांडे, जुवाला जुंपलेल्या बैलजोडीसारखी. ही आपल्या रुंदीनेच तोल सांभाळते. माझ्या देखरेखीखाली झालेली ही पहिली बोट, नाना!

आता अवघड गोष्ट. बोट उतरवायला मोठी भरती लागते. ती अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येते, म्हणजे यंदा नेमकी अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला. पुढच्या पौर्णिमेच्या भरतीला दुसऱ्या बोटीची पाळी आहे. लग्नानंतरची माझी पहिली आखाजी आणि मी माहेरी नसणार. आईला हे सांगायची माझी हिंमत नाही. तुम्हीच सांगा.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
आपली,
हेमांगी

चोपडा
१ एप्रिल २०२६

चि. हेमांगीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. बैलजोडीपर्यंत तुझी आई हसत होती. पुढचं ऐकून उठली आणि गुरांना पाणी दाखवायला गेली, ती अंधार पडेपर्यंत आली नाही. सांजोऱ्यांचा रवा तिने कधीच काढून ठेवलाय. गल्लीतल्या साऱ्या पोरी येणार, निंबाला झोके बांधणार आणि आपल्या झोक्यावर कोण बसणार, एवढंच ती मला विचारते. जसा काही मीच समुद्राला भरतीची तारीख दिली!

तू मात्र काम अर्धवट टाकून येऊ नकोस. हे मी तुझ्या आईच्या अपरोक्ष लिहितोय. आणि मला सांग, ही बोट लाकडाची की लोखंडाची? वारा पडला तर काय वल्ही मारणार? जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी वाट पाहणारा,
प्रेमराज

मांडवीकाठ
७ एप्रिल २०२६

तीर्थरूप नाना, सा. न. वि. वि.

लाकूडही नाही, लोखंडही नाही! साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, त्यावर हलका फोम, त्यावर पुन्हा कापड. सगळं प्लास्टिकने झाकून आतली हवा पंपाने ओढायची, की नळीतून राळ सरसर धावत येते आणि थरांत भिनते. ते बघताना मी श्वास रोखून धरते. केळीचं खोड आडवं कापलं की आत पोकळ कप्पे दिसतात ना, म्हणून ते एवढं उंच वाढूनही हलकं असतं. हिचं अंग साधारण तसंच.

वारा पडला की विजेच्या दोन मोटारी. छतावर सौर पॅनेल आहेतच, शिवाय शिडावर जोरात चालली की पाण्यानेच मोटारींचे पंखे फिरतात आणि बॅटरी भरते. म्हणजे वारा खायचा आणि थोडा उद्यासाठी साठवायचा. आहे की नाही शहाणी?

बोट किती बुडेल याचा हिशोब करून मी निळी पट्टी रंगवली आहे. पण खरं सांगू, मला त्या पट्टीपेक्षा आईची भीती वाटते. फोन केला तर ती धाकट्या तेजसच्या हातात देते. तिला म्हणावं, एकदा बोल तरी.

हेमांगी

चोपडा
१३ एप्रिल २०२६

चि. हेमांगीस आशीर्वाद.

तुझ्या आईने काल निंबावरचा झोका सोडला आणि दोर गुंडाळून आत नेला. मी विचारलं तर म्हणाली, बसणारी नाही तर टांगून काय करायचा. मला वाईट वाटलं, तुलाही वाटेल, पण तुझ्यापासून लपवत नाही.

तरीही रीत मोडायची नाही. तेजसला मुराळी म्हणून पाठवतो. तू त्याच्याबरोबर येणार नाहीस हे ठाऊक आहे, पण बहिणीला न्यायला भाऊ आलाच नाही असं कुणी म्हणायला नको. पिकलेलं खरबूज, आपलं डांगर, आणि सांजोऱ्या देतो. पितरांची घागर भरायची असते, म्हणून मला घर सोडता येत नाही.

प्रेमराज

मांडवीकाठ
२० एप्रिल २०२६

तीर्थरूप नाना, सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं का नाही? की तुम्हालाही शेवटच्या घडीला कळलं? मुराळी म्हणून तेजसबरोबर चक्क आई उतरली! मी हातातला पाना टाकून धावले. ती आधी बोटीकडेच बघत राहिली.

पाणी चढलं तशी बोट उतारावरून हळूहळू सरकली आणि तरंगली. निळी पट्टी पाण्याच्या अगदी बरोबर वर, नाना! सगळे ओरडले, मी रडले. आईने पुढच्या टोकाला कुंकू लावलं आणि डांगर फोडून सगळ्यांना दिलं.

मग तिने पिशवीतून दोर काढला. निंबावरचा! आमच्या कारखान्याच्या मुकादमांना तिने विचारलं की माझ्या पोरीचं वजन पेलेल असा दांडा यात कोणता. शीड ज्याला बांधतात तो आडवा दांडा, बूम, त्यांनी पाण्यावर बाहेर वळवून दिला. दोर त्यांनी स्वतः बांधला. मी बसले आणि आईने झोका दिला. पाय पाण्याला लागले तशी ती आखाजीचं गाणं म्हणायला लागली, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

मुकादमांनी विचारलं की हा काय प्रकार. आईने त्यांना आपल्या बोलीतच सांगितलं, मनी पोर माहेरले उनी. त्यांना काही कळलं नाही. मला कळलं, माझी पोर माहेरी आली, आणि मला पुढचं काही दिसेना.

दोर मी ठेवून घेतला आहे. निंबासाठी नवा आणा. पावसाआधी येते, तेव्हा मला टांगलेला दिसायला हवा.

लोभ आहेच, तो मुराळी होऊन येत राहो.
तुमची,
हेमांगी