दादाच्या मांडीचं माप

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. शब्द कडक वाटतील, तरी शेवटपर्यंत वाच.

मला अक्षरं तू शिकवलीस. आई कामावर गेली की जेवणाच्या टेबलावर आपली शाळा भरायची. खऱ्या शाळेत मी थेट दुसरीत बसले. पुढे एमआरआयच्या चित्रात स्नायूभोवती कड काढायलाही तूच शिकवलंस. राखाडी तो स्नायू, पांढरी ती चरबी. मणक्याला मार बसलेल्यांच्या मांडीत चरबी आतपर्यंत शिरते, ती स्नायूत धरायची नाही. "मोह झाला तर उठायचं, चहा पिऊन यायचं," म्हणायचीस. प्रत्येक चित्र आपण दोघींनी वेगवेगळं मोजायचं, तेही नाव आणि तारीख झाकून. माणूस कोण, चित्र व्यायामाआधीचं की नंतरचं, काहीच कळता कामा नये. अपघातात मणका मोडून चाकाच्या खुर्चीत बसलेला आपला दादाही व्यायामाच्या या अभ्यासात आहे, हे दोघींना माहीत होतं. त्याची चित्रं कुठली, हे नव्हतं.

परवा एका चित्रावर आपली मापं जुळेनात. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी मी. माझंच चुकलं असणार, म्हणून पुन्हा पुन्हा मोजत बसले. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "आजीबाई, चष्मा लावा आता!" सगळे हसले, मीही हसले.

मग तुझी कड माझ्या कडेवर ठेवून पाहिली. पांढरं सगळं तू आत घेतलं होतंस. तेव्हा मला मांडीचं हाड दिसलं, अपघातानंतर वाकडं जुळलेलं. त्यावरच्या कातडीत या उन्हाळ्यात, व्यायाम सुरू झाल्यावर, शिवलेल्या जखमेचा वण. म्हणजे मांडी दादाची आणि चित्र नंतरचं. तू हे ओळखलंस, आणि तिथेच उठायचं सोडून कड फुगवलीस.

ते माप तू त्याला सांगितलंसही. त्याचा फोन आला होता. "छोटे, मांडी भरतेय माझी! ताईनं स्वतः मोजलंय." मांडी खरंच भरली असती तरी तो उभा राहिला नसता, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मायेपोटी केलंस, मान्य. पण त्यासाठी मला वेड्यात काढलंस, ताई. माझ्या डोळ्यांवरचा माझाच विश्वास उडावा म्हणून हसवलंस सगळ्यांना.

अभ्यास चालवणाऱ्या सरांना मी एवढंच सांगितलंय की हा आमचा दादा आहे, आम्हा दोघींचीही मापं बाद करा. बाकीचं अजून बोलले नाही. पण दादा सोमवारी त्या तळमजल्यावरच्या नोकरीला नकार कळवणार आहे. "खुर्चीतली नोकरी खुर्चीतल्यांना, मी तर उठणार," म्हणाला. रविवारी घरी ये आणि तुझ्या तोंडानं त्याला खरं सांग. नाही आलीस तर मी सांगेन, आणि कुणी केलं हे विचारल्यावर तुझं नाव लपवणार नाही.

अजून तरी तुझीच,
छोटी