उद्देशिकेच्या पाठीमागचा कागद

मु. पो. केदारखेडा, ता. भोकरदन
दिनांक ३० नोव्हेंबर

तीर्थस्वरूप सौ. दैवशाला अक्का हिच्या पायांशी धाकटा भाऊ राधाकिसन याचा इथूनच वाकून नमस्कार. दाजींनाही माझा नमस्कार सांगणे. (सांगशील का न्हाई, ती तुझी मर्जी.) जांबला सगळे मजेत असाल. दाजी गुडघ्याला तेल चोळून राह्यले का? भाच्याचं, कल्याणचं, लग्न कुठं जमलं का, की पोरीवाले अजून पुण्याच्या नोकरीवरच अडून बसलेत? इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, हरभरा बोटभर वर आला आहे, तुझी भावजय साखराबाई चार दिवसांपासून माझ्याशी धड बोलत न्हाई, बाकी देवाच्या दयेनं काही कमी न्हाई.

तू म्हणशील, ह्याला आता पत्र लिहायचं कुठून सुचलं. भाऊबीजेपासून मी तुला अकरा वेळा फोन लावला. तू उचलत न्हाईस. मेसेज टाकला की निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतेस हे मला बराबर कळतं. मंग म्हटलं, पाकीट पाठवावं. पोस्टाचं पाकीट आलं की माणूस घाबरून का होईना, फोडून बघतोच. (पोस्टात तिकीट मागितलं तर तिथला माणूस म्हणाला, नोटीस का? म्हटलं, न्हाई बाबा, सख्ख्या बहिणीला आहे. त्यानं माझ्याकडं जास्तच संशयानं बघितलं.)

तर सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो. हे पत्र त्या सहीबद्दल न्हाई. बिलकुल न्हाई. बाबांच्या सहा एकरावर वारस म्हणून तुझं आणि माझं, दोघांचं नाव लागलं. बहिणीनं आपलं नाव सोडून द्यायचं आणि भावानं साडीचोळी करायची, हा आपल्याकडचा रिवाज. म्हणून भाऊबीजेला मी ताटात साडी ठेवली आणि साडीच्या घडीत हक्कसोडपत्राचा कागद ठेवला. वकील म्हणाले होते की सगळे असंच करतात, नेसायच्या गडबडीत सही होऊन जाते. तू काय केलंस? साडी बाजूला ठेवलीस, चष्मा मागवलास आणि सगळ्यांसमोर तो कागद दोन वेळा वाचलास, बोट ठेवून. मंग 'बघते' म्हणालीस आणि पिशवीत टाकलास. अक्का, सख्ख्या भावाच्या कागदात वाचण्यासारखं काय असतं? मी स्वतः तोपर्यंत वाचलेला न्हवता. पण ते जाऊ दे. तो विषय मला काढायचाच न्हाई.

विषय वेगळाच आहे. तुला ठाऊक आहे, यंदा मी शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झालो. सव्वीस नोव्हेंबरला संविधान दिन असतो. त्या दिवशी संविधानाची उद्देशिका सगळ्यांनी मिळून म्हणायची असते. एकानं पुढं म्हणायचं, बाकीच्यांनी उजवा हात समोर धरून मागं म्हणायचं. (उद्देशिका म्हणजे संविधानाच्या सुरुवातीचा मजकूर, आपण हे सगळं कशासाठी लिहून घेतलं ते सांगणारा. हे मला आता कळलं. आधी मी त्याला प्रतिज्ञेचा मोठा भाऊ समजत होतो.) गेल्या वर्षी रामप्रसाद अध्यक्ष होता. त्यानं कागदात बघून वाचलं, तरी 'सार्वभौम' म्हणायला त्याला तीन दम लागले. मी बैठकीत सांगून टाकलं, यंदा अध्यक्ष कागदाशिवाय म्हणतील. आमच्या मुख्याध्यापिका अर्पिता मॅडम म्हणाल्या, "काका, पाठ नका करू, समजून घ्या." मी म्हणालो, "मॅडम, समजून घ्यायला सगळी जिंदगी पडली आहे. पाठ करायला बाराच दिवस आहेत."

आता त्या कागदाचं ऐक, सगळी भानगड त्यानंच केली. वकिलांनी हक्कसोडपत्राच्या दोन प्रती जास्तीच्या दिल्या होत्या. मागची बाजू कोरी. कागद वाया कशाला घालवायचा म्हणून मी उद्देशिकेची झेरॉक्स त्यातल्याच एकाच्या पाठीवर मारून आणली. एका बाजूला देशाचं, एका बाजूला घराचं, आणि दोन्ही मला पाठ करायचं होतं. कारण वकिलांचं म्हणणं होतं की आता जांबला जाऊन बहिणीला समोर बसवा आणि कागद स्वतः खणखणीत वाचून दाखवा. भाऊ अडखळला की बहिणीला शंका येते. तेव्हा बारा दिवस माझं हेच चालू होतं. कापूस वेचताना सरळ बाजू, चहा झाल्यावर उलटी बाजू. म्हशीची धार काढताना 'समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य' म्हटलं की म्हैस पान्हा चोरायची, पण 'गट नंबर एकशे चौदा' म्हटलं की बराबर दूध द्यायची. साखराबाई कागद धरून बसायची आणि चुकलो की सांगायची. (ती सातवी पास आहे. मी नववी नापास. हे घरात दर आठ दिवसाला निघतंच.)

एकदोन शंका मला आल्या, न्हाई असं न्हाई. उद्देशिकेत शेवटी आहे, की आम्ही हे संविधान स्वतःलाच अर्पण करतो. मी म्हटलं, हा कसला आहेर? देणारे आम्ही, घेणारे बी आम्ही, आणि माईकवर नाव पुकारायला कुणी न्हाई! आपल्या गावात असा आहेर आजपर्यंत कुणी केलेला न्हाई, निदान फेटा तरी बांधतात. आणि 'सर्व नागरिकांस' न्याय, स्वातंत्र्य, समानता असं लिहिलंय, तर मी मॅडमला विचारलं, सर्व म्हणजे कोण कोण? त्या म्हणाल्या, सर्व. मी म्हटलं, म्हणजे? त्या म्हणाल्या, काका, सर्व म्हणजे सर्व. शिकलेल्या बाईकडून जरा मोठ्या उत्तराची अपेक्षा होती.

सव्वीस तारखेला मी इस्त्रीचा शर्ट, टोपी, कपाळाला गंध लावून गेल्तो. सगळं गाव आल्तं. सतरंजीवर उजवीकडं बाया, डावीकडं माणसं, मधी लेकरं, खुर्चीवर तालुक्याहून आलेले एक साहेब. रामप्रसाद पहिल्या रांगेत, मी कुठं चुकतो ते बघायला. मी कागद खिशातून काढून सगळ्यांना दिसेल असा घडी करून परत खिशात ठेवला आणि सुरू केलं. अक्का, काय सांगू! 'आम्ही, भारताचे लोक' म्हटलं आणि तीनशे माणसं एका आवाजात 'आम्ही, भारताचे लोक' म्हणाली, माझ्या अंगावर काटा आला. सार्वभौम एका दमात गेलं. न्याय गेला, स्वातंत्र्य गेलं, समानता गेली, बंधुता गेली, 'संकल्पपूर्वक निर्धार करून' इथपर्यंत मी न थांबता आलो, आणि तिथं त्या मेल्या माईकनं शिट्टी मारली. एवढी मोठी, की सगळ्यांनी कानावर हात ठेवले. माईकवाल्यानं वायर हलवली, शिट्टी थांबली, मी तोंड उघडलं आणि जिभेनं कागदाची दुसरी बाजू धरली.

मी म्हणालो, "अक्कलहुशारीने व राजीखुशीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता." सगळे म्हणाले, अक्कलहुशारीने व राजीखुशीने. मी म्हणालो, "माझा व माझ्या वारसांचा सदर मिळकतीवरील हक्क, हिस्सा व हितसंबंध." सगळे म्हणाले. मी म्हणालो, "माझ्या भावाच्या लाभात कायमचा सोडून देत आहे." आणि माणसांनी, साहेबांसकट, हात लांब करून, छाती काढून, भावाच्या लाभात सगळं सोडून दिलं. रामप्रसादचा आवाज तर सगळ्यात वर होता, डोळे मिटून म्हणत होता. एकालाही काही खटकलं न्हाई, अक्का! मला स्वतःला खटकलं न्हाई. भाषा तीच, वजन तेच, मला वाटलं आपलं झकास चाललंय.

खटकलं ते उजवीकडं. आधी झुंबरबाईनं हात खाली घेतला. (झुंबरबाई म्हणजे आपल्या वेशीपलीकडची, मेंढरंवाली. आता सत्तरीत आहे.) मंग तिच्या शेजारच्या बेबीनंदानं घेतला. मंग एकेक करत सगळ्या बायांचे हात खाली आले. माणसांचा आवाज चालू आणि बायांची बाजू गप. मी थांबलो. झुंबरबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "राधाकिसन, हे म्या एकदा म्हणलंय. तालुक्याला. तवा बी भाऊ असाच पुढं म्हणत होता, म्या मागं म्हणत होते." दुसरी म्हणाली, मी बी. तिसरी म्हणाली, मला तर म्हणायला बी लावलं न्हाई, नुसता अंगठा. कुणी हसलं न्हाई, भांडलं न्हाई. सगळ्याजणींनी तो मजकूर आधीच ऐकलेला होता, म्हणून ओळखला, एवढंच. मी खिशातून कागद काढला, दोनदा उलटसुलट केला, तरी कोणती बाजू वर आहे तेच कळेना. मंग अर्पिता मॅडमनी माझ्या हातून माईक घेतला, राहिलेलं बराबर म्हणून पुरं केलं आणि जन गण मन झालं.

त्यानंतर गावात काय झालं ते वेगळंच. रामप्रसाद आणि काकासाहेब ह्या दोघा भावांचा बांधावरून वाद आहे, तुला ठाऊकच आहे. काकासाहेबनं सगळं मोबाईलमध्ये घेतलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो रामप्रसादच्या दारात जाऊन बसला, की तू साहेबासमोर, झेंड्याखाली, राजीखुशीनं माझ्या लाभात सोडलंय, आता तुझा खुंटा उपट. रामप्रसाद घाबरून जल्दीनं मोटारसायकल काढून वकिलाकडं गेला. वकिलानं सांगितलं, बोलण्यानं काही जात न्हाई, सही लागते. तर येऊन मला शिव्या देऊन राह्यला, की तुझ्यापायी मला उगाच खर्चा पडला.

साखराबाईनं मात्र शिव्या दिल्या न्हाईत. भाकरी वाढायची, ताट ठेवायची आणि उठून जायची. काल मीच विचारलं, की झालं काय, मजकूर चुकला, माणूस चुकतो. तेव्हा म्हणाली, "मजकूर न्हाई चुकला. म्या बी हात खाली घेतला, तुम्ही बघितलं का?" मी बघितलं न्हवतं. मंग म्हणाली, आठ वर्षांपूर्वी तुम्हीच मला मोटारसायकलवर सहीला नेलं. वाटेत विचारलं कशाची सही, तर म्हणालात, तुझ्या भावाचं काम आहे, माहेर तुटू नये. साडी भेटली. भाऊ त्यानंतर दोनदा आला. अक्का, ती रडत असती तर मी काहीतरी बोललो असतो. ती हरभऱ्याची भाजी निवडत सांगत होती. मला लाज वाटली, खरंच सांगतो. बारा दिवस ती माझ्यासमोर तो कागद धरून बसली, दोन्ही बाजू वाचत होती, आणि मी चुकलो की दुरुस्त करत होती.

असो. पत्र लांबलं. दाजींना सांभाळ, थंडी वाढून राह्यली, स्वतःलाही सांभाळ. लहानमोठ्यांस यथायोग्य. हे पत्र सहीबद्दल न्हाई, एवढं ध्यानात असू दे.

तुझा, नऊ वर्षांनी लहान आणि तेवढ्याच अकलेनं कमी,
राधाकिसन

ता. क. सहीबद्दल एक सांगायचं राहिलं. येत्या मंगळवारी अकरा वाजता भोकरदनला ये. जालन्याहून गाडी भेटते, मी स्टँडवर उभा राहीन. आधार कार्ड आणि दोन फोटो आण. घाबरू नको, कागद वेगळा आहे. हक्कसोडीचा न्हाई, वाटणीचा. तीन एकर तुझे, तीन माझे. वकील म्हणाले, असं कुणी करत न्हाई. म्हटलं, तुम्ही लिहा. साडी परत आणू नको, ती भाऊबीजेचीच समज.

ता. क. दुसरा. वाटणी करताना विहीर माझ्या बाजूला राहिली तर बरं पडेल. तू जांबहून येऊन मोटार कशी चालू करणार? मी तुझ्या सोयीचंच बघून राह्यलो. समानता मला मान्य आहे, पण उद्देशिकेत विहिरीचा कुठं उल्लेख न्हाई. मला पाठ आहे, म्हणून खात्रीनं सांगतो.

ता. क. वन्सं, मी साखरा लिहून राह्यले. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय. विहीर सोडू नका, ती बराबर मधोमध आहे. मंगळवारी मी बी येते. कागद आधी आपण दोघी वाचू, मंगच सही करा. माझ्या टायमाला मला कुणी वाचू दिला न्हाई.