वही नमिताला, स्कूटर विकीला

आणि मच्छी बर्फातली होती म्हणूनच मी बर्फातली लिहिली, आई. चार पावसाळे झाले, तू अजून फोनवर "जेवलास का"च्या पुढे जात नाहीस. पण ते नंतर. आधी कायद्याचं.

मी, कृणाल हरेश्वर टपके, वय २६, राहणार वेसावे कोळीवाडा, अंधेरी पश्चिम, सध्या मुक्काम दुकम, ओमान, शिक्षण आठवी नापास, कॅम्पच्या भटारखान्यात कांदे कापतो. डोकं ठिकाणावर आहे, डोळ्यांत पाणी आहे ते कांद्याचं, आणि मानगुटीवर बसून कोणी लिहून घेत नाही. मरायचा बेत नाही. पुढच्या महिन्यात आम्हाला समुद्रातल्या बार्जवर पाठवणार आहेत, आणि तिथे जाणाऱ्याने मागे कोणाला काय ते लिहून ठेवायचं, असा कंपनीचा नियम आहे.

घर बाबांच्या नावावर, होडी काकांच्या. म्हणजे स्थावर मिळकत संपली.

बँकेत जे असेल ते आई आणि बाबांना निम्मं निम्मं. बाबांनी त्यातून जाळी घेऊ नयेत, दात बसवून घ्यावेत.

स्कूटर चुलतभाऊ विकीला. किक मारताना ती डावीकडे झुकवावी लागते. कुठे काय खाल्लं त्याच्या नोंदींची माझी वही मात्र त्याला द्यायची नाही. जुहूला एका भेळवाल्याने मला ओळखलं आणि पैसे घेतले नाहीत, तर हा म्हणतो, "फुकट खाल्लं ना, मग दोन ओळी चांगल्या लिही की यार." मी परत जाऊन पैसे देऊन आलो, आणि भेळ पातळ होती ते लिहिलं. विकी, तू माणूस झकास, पण तुझी जीभ विकाऊ आहे.

वही, म्हणजे 'शंभरात पोटभर', दोनशे पानी, तेलाच्या डागांसकट, बहीण नमिता हिला. अंधेरी ते बोरिवली कुठे काय खावं, तिथे शेअर रिक्षाने जावं की चालत, मढच्या फेरीबोटीतून उतरल्यावर चहा कोणाकडे प्यावा, सगळं त्यात आहे, आणि पानांचे फोटो मोबाईलवर फिरतात. वॉचमन, कॉलेजची पोरं, पेशंटसोबत गावाहून आलेली माणसं तिच्यावर विसंबून खिशातली शेवटची नोट मोडतात. म्हणून अटी. पैसे आपल्या खिशातले. एकच पदार्थ तीन वेगळ्या दिवशी खायचा. मालकाला आपण कोण ते सांगायचं नाही. ऐकीव काही लिहायचं नाही.

आता आईचा गाडा. नमिता, हे तिला मोठ्याने वाचून दाखव. जून-जुलैत होड्या वर काढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय आपल्यातलं कोणी दर्यात जात नाही, हे कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी भर पावसात गाड्यावर पाटी, 'ताजं पापलेट'. मी तीन दिवस खाल्लं आणि लिहिलं: पावसाळ्यात सगुणाबाईंकडे जाऊ नका, मच्छी बर्फातली, एरवी यांच्यासारखा मसाला अख्ख्या वेसाव्यात नाही. आई, पुढचं अर्धं वाक्य तुला कोणी वाचून दाखवलंच नाही. गिऱ्हाईक तुटलं. तू म्हणालीस, "माझ्या पोटी जन्मलास नि माझ्याच पोटावर पाय दिलास?"

मी ती ओळ खोडली नाही. या कागदानेही खोडत नाही.

पण नमिता सांगते, यंदा तू पाटी उतरवलीस आणि आजी पावसात करायची तसं सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी लावलीस. हे ऐकून मी डोळे पुसले, तर भटारखान्यात माझ्या शेजारी बसणारा निलेश म्हणाला, "आज तर बटाटे आहेत."

तरी ऐकीव लिहायचं नाही, ही अट माझीच. म्हणून नमिताने तीन दिवस गाड्यावर जावं, गिऱ्हाइकासारखं बाकड्यावर बसावं, पैसे मोजून द्यावेत. आईपासून आपण कोण ते लपवता येणार नाही, तेवढी अट शिथिल. आई, तू पैसे घेतले नाहीस तर नोंद बदलणार नाही. जमलं असेल तर जुन्या ओळीखाली तारीख घालून नवी ओळ लिहावी. खारट झालं असेल तर तेही लिही गं, घाबरू नकोस. मी आहे.

साक्षीदार: निलेश दत्ताराम परब, देवगड. शिवदास जयवंत मोरे, मुलुंड. दोघांनी शुद्धीत वाचलं, दोघांना भूक लागली.

सही: कृणाल ह. टपके
दुकम, २२ जून २०२५

सोबत, मेल्यावर नाही, आत्ताच पाठवतोय: एका ताटाचे ऐंशी, अशी तीन ताटं, रुपये दोनशे चाळीस फक्त.