कुहीच्या पुढचं गेट

बाबा, रविवारी आपल्याकडे पाहुणे येऊन गेले. माझ्यासाठी सावनेरकडची एक मुलगी सांगून आली आहे. आम्ही आधी त्यांच्याकडे जाऊन आलो होतो, आता घर बघायला ते लोक आले: ती, तिचे आईवडील आणि मामा. दिघोरीतल्या या भाड्याच्या दोन खोल्या तुम्ही पाहिलेल्या नाहीत. मी शनिवारी खुर्च्या चार वेळा मांडून पाहिल्या. शेवटी आई म्हणाली, "बस कर आता, खुर्च्याच थकल्या असतीन." पोहे झाले, चहा झाला, आणि मामांनी विचारलं, वडील कशात होते. आई म्हणाली, "रेल्वेत. छोट्या लाइनवर." मग तिनं तुमची ती गोष्ट सांगायला घेतली. तुम्ही गेल्यापासून दहा वर्षांत ती गोष्ट तिनं शेजारच्या भाडेकरूंना सांगितली आहे, दूधवाल्याला सांगितली आहे, दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईला सांगितली आहे.

सावनेरच्या लोकांना आपली लाइन माहीत नव्हती, म्हणून आधी मीच समजावून सांगितलं. इतवारीहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी अरुंद रुळांची गाडी. वाटेत शेतांमध्ये पुष्कळ गेटं, पण तिथे राहणारा गेटमन नाही. गेटमन गाडीतच, लोक त्याला जमादार म्हणायचे. गेट आलं की गाडी थांबते, तो उतरतो, दोन्हीकडची फाटकं लावून साखळी घालतो, हिरवी झेंडी दाखवतो. गाडी रस्ता ओलांडून पलीकडे थांबते. तो फाटकं उघडतो आणि पळत येऊन शेवटच्या डब्यात चढतो. मुलगी म्हणाली, "म्हणजे एकच माणूस सगळे गेट सोबत घेऊन फिरे म्हणा ना." तुम्हाला हे आवडलं असतं.

"तं आमच्या यायनं काय केलं," आई सांगत होती, "गेट उघडलं आन् बसले कोनाशी गोष्टी करत. ज्या गाडीची नोकरी, तेच गाडी निघून गेली." मामा म्हणाले, "गाडीले वाटलं असन, आज जमादाराची सुट्टी हाये." सगळे हसले. मीही हसलो. नेहमीच हसतो. मग आईनं शेवटी जे म्हणते ते म्हटलं, "त्याच्यापायीच पर्मनंट होता होता राहिले," आणि तिथे कोणी हसत नाही. मुलीनं माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कुठी होते तेव्हा?" मी म्हणालो, गाडीतच होतो. "मग तुम्हाले दिसलं नाही काय?" मी बश्या उचलून आत गेलो.

मी अकरावी अर्ध्यावर सोडली तेव्हा तुम्ही रागावला नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं. इतवारीत लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे अक्षरं जुळवायचं काम मिळालं, तेव्हा तुम्ही रद्दीच्या दुकानातून माझ्यासाठी शब्दकोश आणला. सुरुवातीची पानं गेलेली होती, तो थेट 'आ'पासून सुरू व्हायचा. मी ते दाखवलं तर म्हणालात, "अ तं येते ना तुले?" तो अजून माझ्या टेबलावर आहे. पत्रिकेवर वधूचं नाव चुकलं तर लोक माफ करत नाहीत. मी प्रत्येक नाव तीनदा बघतो, मग मालक बघतो, मग मी पुन्हा एकदा बघतो.

रोज सकाळी उमरेडहून आपण एकाच गाडीनं निघायचो, तुम्ही कामावर आणि मी पासावर. मी स्टेशनवर अर्धा तास आधी जाऊन उभा, तुम्ही झेंड्या काखेत मारून सावकाश येणार. पास खिशात आहे की नाही ते मी सारखा चाचपायचो. एकदा डब्यात सगळ्यांसमोर तुम्ही ओरडलात, "काहून इतका घाबरून राहिला? पास हाये, चिमणी नाही, उडून नाही जात." लोक हसले, मला दोन दिवस वाईट वाटलं. पण मी दरवाजात उभा राहून तुम्हाला बघायचो. हिवाळ्यात गेटावर थांबलेले सायकलवाले म्हणायचे, "खोला गा जमादार, सूर्य डोक्यावर आला," आणि तुम्ही म्हणायचा, "इंजिनले सांगा, मले काहून सांगता." साखळी सोडता सोडता तुम्ही त्यांच्याशी बोलायचा, पण हात थांबायचा नाही. एवढ्या दिवसांत गप्पांपायी तुमचा हात थांबलेला मी एकदाही पाहिला नाही.

त्या दिवशी कुही स्टेशनच्या पुढचं गेट होतं. गाडी रस्ता ओलांडून थांबली. मी शेवटच्या डब्याच्या दारात, शेजारी गार्डचा कप्पा. एका भाजीवालीची टोपली त्याच्या दारात अडकली होती, ती गार्ड दोन्ही हातांनी आत ओढत होता. तिथूनच त्यानं विचारलं, "चढला काय गा तुझा बाप?" मी मागे न बघता हो म्हणालो. त्यानं झेंडी हलवली. गाडी निघाली. पुढच्या गेटावर इंजिन थांबलं, ड्रायव्हरनं शिटी दिली, पुन्हा दिली. कोणी उतरलं नाही. दोन्हीकडून बैलगाड्या आणि मोटारसायकली रुळांवरून जात होत्या. गार्ड खाली उतरला, डब्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यानं स्वतः फाटक लावलं.

तुम्ही संध्याकाळी आलात, धुळीनं पाय पांढरे झालेले. आईनं विचारलं काय झालं, तर म्हणालात, "गोष्टी करत बसलो, गाडी निघून गेली." साहेबांसमोरही तेच सांगितलंत, तेच लिहून दिलंत. कोणाशी बोलत होता, असं विचारलं तर म्हणे एक बकऱ्यावाला होता. पर्मनंट करायच्या यादीत तुमचं नाव होतं, ते त्या वर्षी कापलं गेलं. पुढच्या वर्षी यादीच निघाली नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तुम्हाला कावीळ झाली. गाडी निघून गेली त्या रात्री मी न जेवता झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गेटावर तुम्ही पळत आलात, दांडा धरून चढलात, आणि गुंडाळलेली झेंडी माझ्या खांद्याला टेकवून हळूच म्हणालात, "चढलो गा." तेवढंच. मग रोजच म्हणायला लागलात, प्रत्येक गेटावर. लोकांना वाटायचं, बापलेकांचा काहीतरी खेळ आहे. मलाही कधी कधी तसंच वाटायचं आणि बरं वाटायचं. गार्डनं तुम्हाला सांगितलं होतं, का तुम्ही आपणच ओळखलंत, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही मला तशी संधी दिली नाहीत. आता छोटी लाइन उखडली. तिथे मोठ्या गाडीचे रूळ पडले, आणि ज्या वाटेवर तुमची फाटकं होती तिथे रस्ता रुळांखालून काढला आहे.

रविवारी पाहुणे गेल्यावर आई खुश होती. म्हणाली, "पोरगी चांगली हाये. मोकळी हाये. तुह्या बाबाची गोष्ट तिले आवडली." ते ऐकून मला राहवेना. ही मुलगी घरात आली तर तीही ती गोष्ट सांगू लागेल, उद्या लेकरांना सांगेल: तुमचे आजोबा गप्पिष्ट होते, त्यापायी नोकरी घालवून बसले. तुम्ही माझ्यासाठी रचलेलं कारणच तुमची ओळख होऊन बसेल. म्हणून ठरवलं, आईला सांगायचं. आणि मला कुठलीही गोष्ट आधी कागदावर नीट उतरवल्याशिवाय बोलता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. पत्र तुमच्या नावाचं असलं तरी आईपुढे काय बोलायचं त्याची ही कच्ची प्रत आहे. हे कुठे पाठवायचं नाही.

पण आता वाचून बघितलं तर त्यातही एक वाक्य खोटं निघालं. मागे न बघता हो म्हणालो, असं मी लिहिलं आहे. बघितलं होतं, बाबा. तुम्ही पलीकडचं फाटक ढकलत होता, पाठ माझ्याकडे होती. बकऱ्यावाला वगैरे कोणी नव्हतं. गाडीला आधीच उशीर झाला होता, आदल्याच दिवशी मालक मला उशिरावरून बोलला होता. तुम्ही नेहमीसारखे पळत येऊन चढाल, असं वाटलं. गाडी हलल्यावर तुम्ही वळलात, हात वर केलात, आणि मी ओरडलो नाही. आईला सांगायचं ते एवढंच आहे, बाकीचं सगळं मी त्याच्या आजूबाजूला लिहिलं. ती आत तांदूळ निवडत बसली आहे. हे वाक्य संपलं की उठायचं, असं मी मघापासून तीनदा ठरवलं आहे, आणि दर वेळी पुढचं वाक्य लिहायला घेतलं आहे.