मेणबत्ती विझल्यावर

४ नोव्हेंबर

सातवीचा वर्ग, मी निरीक्षणाला बसलेली. ताटलीत पाणी, मधोमध जळती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझली, पाणी ग्लासात चढलं. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली." पुस्तकातलंच, शब्दाला शब्द.

मागच्या बाकावरची मुलगी उठली. बाई तिला चुळबुळी म्हणतात. "बाई, ऑक्सिजन तर जळताना संपत होता ना? मग पाणी विझल्यावरच सरकन का चढलं?"

आमच्या संस्थेने आम्हा निरीक्षकांना बजावून ठेवलंय – आपण येणार म्हटलं की शाळा मुलांना प्रश्न पढवून ठेवतात. हा तसला नव्हता. पढवलेला प्रश्न मला लगेच ओळखू येतो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आमचा नियम असा, की उत्तर द्यायचं नाही, प्रश्न परत करायचा. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला काय वाटतं?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा वर्ग. बाई फळा पुसायला लागल्या. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

५ नोव्हेंबर

मुख्याध्यापकांनी बोलावलं. "बाई जुन्या आहेत हो, मेहनतीही आहेत. पण आता मुलांना विचार करायला लावायचं म्हणता तुम्ही. सातवीचं विज्ञान त्यांच्याकडे ठेवू, की नव्या सरांना देऊ? तुमचा शेरा आला की ठरवतो." मग हसून, "मला काय वाटतं ते मात्र विचारू नका."

म्हणजे शाळाभर झालंय.

घरी आईने विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का. "तुला काय वाटतं?" – निघून गेलं तोंडातून.

"मला वाटतं, उद्यापासून तू रांध."

६ नोव्हेंबर

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. नियम हाताशी होता, म्हणून निभावलं. हे या पानापलीकडे जायचं नाही.

७ नोव्हेंबर

शिक्षकांच्या खोलीत बाई एकट्याच होत्या. तक्ते गुंडाळत होत्या. मी समोर बसले. शेवटचा तक्ता गुंडाळून झाल्यावर म्हणाल्या,

"मॅडम, तुम्ही इंजिनियर. तुम्हाला ठाऊक होतं. मी तुमच्याकडे उगाच नाही पाहिलं."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "आमची पद्धतच तशी आहे, बाई."

"असेल. मुलांसमोर माझी शोभा करायची पद्धत."

८ नोव्हेंबर

शेरा पाठवला. संस्थेच्या छापील तक्त्यात जे रकाने आहेत तेच भरले. पाठ पुस्तकाबाहेर जात नाही. विद्यार्थिनीच्या उत्स्फूर्त प्रश्नाला शिक्षिकेने प्रतिसाद दिला नाही. शिक्षिकेला स्वतःला प्रश्न पडत असल्याचं दिसलं नाही.

पाहिलं तेच लिहिलं. एकही शब्द चूक नाही.

१० नोव्हेंबर

स्वयंपाकघरात मेणबत्ती लावून प्रयोग करून पाहिला. आई म्हणाली, दिवे गेलेत का?

ग्लास ठेवताना कडेखालून बुडबुडे निघतात. ज्योतीने तापलेली हवा फुगते, थोडी बाहेर पळते. ज्योत विझली की उरलेली थंड होऊन आकसते आणि पाणी वर चढतं. ऑक्सिजनचा वाटा असलाच तर थोडा. पुस्तक अर्धवट आहे. इतकं सोपं. बाईंना सांगायचं – आणि त्या दिवशी मलाही येत नव्हतं, हेसुद्धा.

११ नोव्हेंबर

सांगितलं. दोन्ही. बाईंनी बुडबुड्यांचं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मान हलवली. मग म्हणाल्या, "छान आहे. नव्या सरांना सांगा. मला आता चौथीची चित्रकला दिलीय."

१२ नोव्हेंबर

चुळबुळीने फाटकापाशी गाठलं. पाणी का चढतं ते सांगा म्हणाली. मी म्हटलं, प्रश्न तुझा, आधी तूच विचार कर.

"माझा कुठला, ताई? बाईंचा आहे. त्या ग्लास ठेवतात तेव्हा दरवर्षी त्यांना पडतो म्हणे. तुमच्याएवढ्या मुलीला विचारायची त्यांना लाज वाटते, तू विचार म्हणाल्या. ‘मॅडम इंजिनियर आहेत, त्यांना नक्की येत असेल.’"