मच्छिंद्ररावांचा तर्जुमा

अंबड, १२ फेब्रुवारी १९४४

ती. उषाताईस,

द्वारकाचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? शेकतेस ना? दाजींचा खोकला, मुलांचे दात, सगळं सविस्तर लिही. इकडे आबा ठीक आहेत. मीही ठीक, झोप सोडून.

रविवारी तुमच्या सिकंदराबादेचे ते मच्छिंद्रराव मला पाहून गेले. (पाहिलं त्यांच्या रामकिसनकाकांनी, ते स्वतः सतरंजी पाहत होते.) लग्नानंतरही मी दवाखान्यात नर्सचं काम करायचं, हे मध्यस्थामार्फत आधीच ठरलं होतं. तरी काका सुपारी कातरत म्हणाले, "नोकरीचं मंग पाहू. आमच्या घरात काय कमी हाय?" आबांनी पानाचं तबक पुढे सरकवलं. पुढे परीक्षा. चाल, बस, गाठ मारून दाखव (मी मलमपट्टीची मारली, ती त्यांना सुटेना). शेवटी म्हणाले, "इंग्रजी शिकली म्हनं? मंग सांग पोरी, 'अबाइड बाय' म्हंजे काय? वाक्यात लावून दाखव." काकांना इंग्रजी बिलकुल येत नाही, कुणा वकिलाने पढवलं असावं.

मी सांगितलं, ठरलेली गोष्ट पाळणे. यातला 'बाय' गाळता येत नाही, आणि त्याच्यापुढे नियम, करार, निकाल असं काही येतं. (नवरा येत नाही, हे मनात म्हटलं.) मग इंग्रजीतून वाक्य केलं: नोकरीबाबत जे ठरलं आहे, ते वराकडच्यांनी पाळावं.

काकांनी पुतण्याला तर्जुमा करायला लावला. मच्छिंद्ररावांनी तेव्हा प्रथमच मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "काका, त्या म्हणतात, वडीलधाऱ्यांचा शब्द पाळावा."

"वा! पोरगी बराबर हाय!" काकांनी तिथल्या तिथे होकार दिला.

तेव्हापासून मी उकळलेल्या सुया पुन्हा उकळते आहे. या गृहस्थांना एक तर इंग्रजी येत नाही. किंवा येतं, पण ते काकांना भितात. किंवा येतं आणि त्यांनी काकांना सफाईने गुंडाळलं. तीन रोगांचं लक्षण एकच असलं की औषध देता येत नाही. मला विशेष उत्सुकता नाही. निदान चुकू नये, इतकंच.

दाजींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझी,
द्वारका

ता. क. दाजी मच्छिंद्ररावांच्याच रेल्वे कचेरीत आहेत ना? काकांच्या माघारी सहज विचारावं, बायकोला नोकरी करू देणार का. माझं नाव येऊ नये.

आणखी एक. नाव आलं तरी चालेल, पण जल्दी कर. आणि तिकडच्या जनाना दवाखान्यात नर्सची जागा निघाली आहे का, तेही बघ. अर्ज मी कालच धाडला.